गणकयंत्रांची पंगत



काही वर्षांपूर्वी आम्ही तिघाचौघांनी मिळून एका खोऱ्यातील पावसाच्या जुन्या नोंदी गोळा केल्या आणि कोणत्या गावाच्या ओढ्याला किती पूर येऊ शकेल याचा हिशेब मांडावयाचे ठरविले. हिशेब मोठा होता. घरच्या संगणकावर तो एकट्या प्रोसेसरने करावयाचा तर दोन महिने लागले असते आणि मृग नक्षत्र तर तीन आठवड्यांवर आले होते. म्हणून वर्गणी काढून आम्ही एका ठिकाणाहून चौसष्ट प्रोसेसर आठ दिवसांसाठी भाड्याने घेतले. प्रोसेसर म्हणजे संगणकातला प्रत्यक्ष आकडेमोड करणारा कारकून. एकट्याचे दोन महिन्यांचे काम चौसष्टांनी वाटून घेतले तर एका दिवसात उरकेल, फार तर दीड दिवस लागेल, अशी आमची त्रैराशिकाची समजूत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो निम्मेसुद्धा काम झालेले नाही. भाडे चौसष्टांचे चालू होते आणि काम करीत होते जेमतेम सोळा. उरलेले अठ्ठेचाळीस अगदी स्वस्थ होते. त्यांच्यात बिघाड नव्हता आणि कोठे चुकीचा संदेशही उमटलेला नव्हता. त्यांना कोणी कामच दिले नव्हते.

त्या वेळी आम्हांस वाटले की ही फजिती आमचीच. पुढे वाचनात आले की या एकाच प्रश्नाशी मोठमोठी माणसे शंभर वर्षे झुंजत आली आहेत. हात पुष्कळ जमविले, तरी कामाला थोडेच का लागतात? या प्रश्नाचा इतिहास आज आपणापुढे ठेवावयाचा आहे. आमचे चौसष्ट प्रोसेसर शेवटी कसे हलले, ते त्या ओघात येईलच.

आरंभ करावयाचा तो यंत्रापासून नव्हे, माणसांपासून. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचे एक इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात होते. पंथाने क्वेकर, म्हणून शस्त्र हाती धरावयाचे नाही. त्या धामधुमीत सवड काढून त्यांनी 20 मे 1910 या दिवसाचे हवामान केवळ गणिताने काढून पाहिले. सहा तासांच्या हवामानाचा हिशेब हाताने करावयास त्यांना सहा आठवडे लागले आणि उत्तरही साफ चुकले. हवेचा दाब सहा तासांत 145 मिलिबार बदलेल असे गणित म्हणाले आणि प्रत्यक्षात तो फारसा हललाच नव्हता. त्यांच्या पुस्तकाचे हस्तलिखित 1917 साली लढाईच्या गडबडीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. सापडले हे आपले नशीब, कारण 1922 साली छापलेल्या त्या पुस्तकात एक कल्पनाचित्र आहे आणि आजच्या विषयाचे मूळ त्यातच आहे.

रिचर्डसनांनी कल्पिले ते एक प्रचंड गोल सभागृह. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविलेला. सज्जांत चौसष्ट हजार गणक बसलेले, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा. शेजाऱ्याचे आकडे हाती आल्यावाचून कोणाचाही पुढचा हिशेब होत नाही. मध्यभागी एका उंच खांबावर मुख्य अधिकारी उभा. जो भाग इतरांच्या पुढे धावतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो आणि जो मागे रेंगाळतो त्यावर निळा. या प्रसंगाचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. संगणक जन्मास यावयाच्या आधीच या गृहस्थांनी ओळखले होते की, चौसष्ट हजार डोकी जमविणे ही अर्धीच गोष्ट. कोण पुढे गेला, कोण मागे पडला आणि कोण कोणाची वाट पाहत बसला, हे उंचावरून दिसले पाहिजे. पुढच्या काळात प्रोसेसर मुबलक मिळू लागले, तो खांब मात्र पुष्कळ ठिकाणी बांधावयाचाच राहून गेला.

आपल्या पंगतीचाच दाखला घ्या. शंभर पाने मांडली आहेत आणि सर्वांचे झाल्याशिवाय कोणी उठावयाचे नाही, ही रीत आहे. नव्व्याण्णवांचे जेवण वीस मिनिटांत आटोपते आणि कोपऱ्यातले एक आजोबा सावकाश ताकभात कालवीत असतात. दुसरी पंगत बसावयाची ती आजोबांच्या वेळेने. यात आजोबांचा दोष नाही. मोठ्या हिशेबात अशा पंगती एका सेकंदात हजारदेखील उठतात आणि प्रत्येकीत कोणी ना कोणी आजोबा निघतोच.

यंत्रांच्या बाजूने पहिला मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात. डॅनियल स्लॉटनिक यांच्या पुढाकाराने 1966 च्या सुमारास इलियाक-4 या यंत्राची जुळवाजुळव सुरू झाली. योजना 256 गणनाघटकांची होती. खर्च असा वाढत गेला की प्रत्यक्षात 64 च उभे राहिले. यंत्राची शिस्त कवायतीसारखी होती, एकाने हुकूम द्यावयाचा आणि चौसष्टांनी तीच कृती एका दमात करावयाची. आता मोजावयाच्या वस्तू चौसष्ट असल्या तर उत्तम. पासष्ट झाल्या की दुसरी फेरी आली. तिच्यात एक राबतो आणि त्रेसष्ट उभे राहतात. यंत्रात कसलाही दोष नसता निम्मी शक्ती अशी वाया जाते.

हे यंत्र तयार होत असतानाच, एप्रिल 1967 मध्ये, ॲटलांटिक सिटी येथे संगणकशास्त्रज्ञांची वासंतिक परिषद भरली. (वसंतात व्याख्याने करण्याची हौस केवळ आपलीच आहे असे कोणी समजू नये.) तेथे आयबीएम कंपनीतील जीन ॲमडाल यांनी एक आखूड निबंध वाचला. त्यांचे म्हणणे कोणत्याही गृहिणीस पटेल. तासाभराच्या कामात तीन मिनिटांचे काम असे आहे की ते एकट्यानेच करावे लागते. उरलेली सत्तावन्न मिनिटे चौसष्टांत वाटली तर सुमारे त्रेपन्न सेकंदांत उरकतात. एकूण वेळ चार मिनिटांच्या किंचित आत, म्हणजे चौसष्ट माणसे लावून वेग वाढला पंधरापट. माणसे हजार केली तरी ती तीन मिनिटे तशीच राहतात आणि वेग विसापट होत नाही तो नाहीच. मग हजार मजूर जमवून काय मिळविले? एकच कारकून तरबेज करा, असा त्यांचा रोख होता.

या गणिताला तोड नाही. तरी आमच्या मते त्याने पुष्कळ वर्षे एक नुकसानही केले. रिकामे प्रोसेसर दिसले की ‘ॲमडालचा नियमच आहे’ असे म्हणून लोक हात झटकू लागले. 1985 साली ॲलन कार्प यांनी जाहीर पैज लावली की खऱ्याखुऱ्या कामात जो कोणी दोनशेपट वेग दाखवील त्यास शंभर डॉलर मिळतील. 1988 साली सँडिया प्रयोगशाळेतील जॉन गुस्ताफसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 1024 प्रोसेसरांच्या यंत्रावर ठरलेल्या आकाराच्या कामात पाचशेपटीहून अधिक वेग दाखविला आणि काम यंत्राच्या मानाने मोठे केले तेव्हा तो हजारापटीच्या पुढे गेला. गुस्ताफसन यांचा युक्तिवाद सरळ होता. हजार माणसे मिळाली म्हणून कोणी एक खोली झटपट बांधीत नाही, तो वाडा बांधावयास घेतो. त्या तीन मिनिटांचा वाटा वाड्याच्या कामात आपोआप लहान होतो.

येथे आपल्या पुण्याचा संबंध येतो. मोठे संगणक भारतास विकावेत की नाही याविषयी 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेने हात आखडता घेतला होता. तेव्हा 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तिचे प्रमुख होते अकोला जिल्ह्यातून आलेले विजय भटकर. 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे 64 प्रोसेसर होते. या यंत्रातील प्रत्येक प्रोसेसराची स्मृती त्याच्या स्वतःजवळ असे. शेजाऱ्याचा आकडा हवा तर त्यास निरोप पाठवावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. रिचर्डसनांच्या सज्जातील गणकांसारखेच म्हणा. अशा यंत्रावर एकट्या प्रोसेसरासाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम नुसता आणून ठेवला तर तो एकाच ट्रान्सप्युटरवर चालावयाचा आणि त्रेसष्ट पाहत राहावयाचे. काम कोठे चिरावे, कोणते आकडे कोणाकडे द्यावेत, निरोप किती धाडावेत, हे माणसालाच बसून ठरवावे लागे. परमविषयी जे लिहिले जाते त्यात प्रोसेसरांच्या संख्येचे कौतुक असते. जुने प्रोग्रॅम उसवून ते पुन्हा चौसष्टांसाठी शिवावयाचे किचकट शिंपीकाम मात्र सहसा कोणास दिसत नाही.

आता ज्या प्रकरणासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे वळतो. अमेरिकेने 1992 नंतर अण्वस्त्रांच्या चाचण्या बंद केल्या आणि त्यांची कसोटी गणिताने पाहावयाचे ठरविले. त्यासाठी लॉस अलामोस येथे ‘आस्की क्यू’ नावाचा महासंगणक उभारला. त्यात 2048 यंत्रे, प्रत्येकात चार प्रोसेसर, एकूण 8192. त्या काळी वेगात जगात त्याचा दुसरा क्रमांक लागे. फॅब्रिझिओ पेट्रिनी, डॅरेन कर्बिसन आणि स्कॉट पाकिन यांच्याकडे काम होते ते यंत्र अपेक्षेप्रमाणे चालते की नाही हे पाहण्याचे. ‘सेज’ नावाच्या एका मोठ्या हिशेबास किती वेळ लागावा याचे गणित त्यांच्या गटाने मांडून ठेविले होते. प्रत्यक्षात वेळ लागला जवळजवळ दुप्पट. एवढे मोठे यंत्र, आणि निम्मे कोठे गेले ते कोणास ठाऊक नाही!

त्यांनी जी पहिली खूण धरली ती मोठी चमत्कारिक आहे. प्रत्येक यंत्रातील चारही प्रोसेसर लावण्याऐवजी तीनच लावले तर काम अधिक लवकर होई. चौथा गडी कामावर आला की काम मागे पडे, याचा अर्थ काय लावावयाचा? पंगत उठविणारा जो आदेश, म्हणजे सर्वांचे आकडे गोळा करून बेरीज पुन्हा सर्वांना कळविण्याची क्रिया, तीत पुष्कळ वेळ जातो असे दिसले. म्हणून त्यांनी ती क्रिया सातपट जलद केली. एवढे करूनही सेजच्या वेगात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. आमच्यासारखा असता तर येथेच पुस्तक मिटून घरी गेला असता. मग त्यांनी प्रत्येक प्रोसेसरास स्वतंत्रपणे, शेजाऱ्याशी न बोलता, काम देऊन घड्याळ लावले. कोणाचेही नुकसान शेकडा दोन-अडीचहून अधिक भरेना. अडीच टक्क्यांच्या गळतीने निम्मे धरण रिकामे होते कसे?

उत्तर पंगतीत होते. प्रत्येक यंत्रावर मुख्य कामाखेरीज बारीकसारीक प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चालू असतात. कोणी यंत्राची प्रकृती पाहतो, कोणी छपाईची चौकशी करतो, तर कोणी सगळे जिवंत आहेत ना म्हणून हाका मारतो. संगणकवाले यांना ‘डीमन’ म्हणतात. आपण मुंजे म्हणू. ते दिसत नाहीत, उपद्रव क्षणाचाच देतात आणि पिंपळ सोडीत नाहीत. एकेका प्रोसेसरापुरते पाहिले तर नुकसान किरकोळ. परंतु चार हजार जेवणारे बसले आहेत आणि प्रत्येकाला हजार घासांतून एकदाच कोणीतरी दारात बोलावते असे धरा. मग प्रत्येक घासाला सरासरीने चारजण जागेवर नसणारच. आणि प्रत्येक घास सर्वांनी मिळून घ्यावयाचा असेल, तर सारी पंगत जवळजवळ दर घासाला थांबेल. त्यातून यंत्रे बत्तीस-बत्तीसांच्या गटांत बांधलेली होती आणि प्रत्येक गटातील ठराविक यंत्रांवर गटाच्या व्यवस्थेचे जादा मुंजे बसविलेले होते. चौथा प्रोसेसर मोकळा ठेवला की मुंजे त्याच्याकडे जात आणि तिघांचे जेवण निर्विघ्न होई. रिकामा दिसणारा गडीच घरचे वरकाम उरकीत होता.

उपाय केला तो दोन ओळींत सांगण्याजोगा आहे. दहाएक निरुपयोगी मुंजे काढून टाकले, प्रकृती पाहणाऱ्याच्या खेपा निम्म्या केल्या आणि गटाच्या व्यवस्थेचे मुंजे एकाच यंत्रावर गोळा केले. सेजचा वेग दुपटीपर्यंत वाढला. नवा प्रोसेसर एकही विकत घेतला नाही. 2003 सालच्या त्यांच्या निबंधाला एखाद्या रहस्यकथेसारखे नाव आहे आणि ते शोभते, कारण गुन्हेगार शेवटपर्यंत घरातलाच.

पुढच्याच वर्षी, 2004 साली, गूगल कंपनीतील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी आजोबांची दुसरी गोष्ट प्रसिद्ध केली. सुमारे अठराशे यंत्रांवर एक मोठी वर्गवारी चालली होती. 960 सेकंदांत पाच वाटे सोडून सगळे काम संपले. त्या पाचांनी आणखी पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला आणि काम 1283 सेकंदांवर गेले. या आजोबांना त्यांनी दूषण दिले नाही. एखाद्या यंत्राची चकती खराब झाली की ते असे मागे पडावयाचेच. म्हणून त्यांनी व्यवस्था केली ती अशी की, शेवटचे काही वाटे उरले म्हणजे तेच वाटे मोकळ्या बसलेल्या दुसऱ्या यंत्रांनाही द्यावयाचे आणि ज्याचे आधी होईल त्याचे घ्यावयाचे. तोच हिशेब या रीतीने 891 सेकंदांत झाला.

ही सारी दूरची, महासंगणकांची प्रकरणे म्हणून सोडून देता आली असती. परंतु 2016 साली फ्रान्स, स्वित्झर्लंड व कॅनडा येथील संशोधकांनी, त्यांत जाँ-पिएर लोझी व अलेक्झांड्रा फेडोरोव्हा हे होते, लिनक्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीचा मुकादम तपासला. कोणते काम कोणत्या प्रोसेसराने करावयाचे हे ठरविणारा जो प्रणालीचा भाग, त्यास आम्ही मुकादम म्हणतो. त्यांचे यंत्र चौसष्ट प्रोसेसरांचे होते, आठ-आठांचे आठ वाडे. त्यांना आढळले की एका वाड्यात कामांची रांग लागलेली असताना दुसऱ्या वाड्यातले प्रोसेसर खुशाल रिकामे असतात आणि मुकादम मात्र सर्व ठीक आहे म्हणून सांगतो. तो वाड्यावाड्याची सरासरी पाही. एका वाड्यात एकच पैलवान काम आणि सात खोल्या ओस. दुसऱ्या वाड्यात खोल्यांत गर्दी, परंतु सगळी पोरेसोरे. वजन दोन्हीकडे सारखे भरले की झाले. सरासरीऐवजी प्रत्येक वाड्यातील सर्वांत कमी भार असलेली खोली पाहावयाची, एवढा बदल केल्यावर त्यांच्या एका कसोटीतील काम तेरा टक्क्यांनी लवकर संपले.

त्याहून मासलेवाईक दोष दुसरा होता. चालू यंत्रातील एखादा प्रोसेसर बंद करून पुन्हा सुरू केला की आपल्या वाड्यापलीकडे दुसरे वाडे आहेत हेच मुकादम विसरे. मग चौसष्ट वाट्यांचे काम आठच प्रोसेसरांवर रेटले जाई. कोणीतरी प्रोग्रॅमची सफाई करीत असता त्यातील एक आज्ञा गळून पडली होती. अशा दोषांनी यंत्र बंद पडत नाही आणि उत्तर चुकत नाही, नुसता उशीर होतो. म्हणूनच ते इतके दिवस कोणास सापडले नाहीत. या मंडळींनी प्रत्येक प्रोसेसराची क्षणाक्षणाची स्थिती रंगांनी दाखविणारा तक्ता तयार केला, तेव्हा ते डोळ्यांना दिसले. रिचर्डसनांच्या खांबावरचे दिवे चौऱ्याण्णव वर्षांनी पुन्हा लागले म्हणावयाचे.

आता आमचा हिशेब. आम्ही भाड्याने घेतलेले प्रोसेसर सोळा-सोळांच्या चार यंत्रांत होते. तिसऱ्या रात्री एका तरुण मित्राने आमच्याकडे पाहून एकच प्रश्न केला, “चारही यंत्रांवर काय चालले आहे ते वेगवेगळे पाहिले का?” आम्ही एकूण कामाचे आकडे पाहत होतो, वेगवेगळे कधी पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा पहिल्या यंत्रावर चौसष्ट वाटे दाटीवाटीने बसलेले आणि बाकीची तीन यंत्रे थंड. काम सुरू करताना चारही यंत्रांच्या नावांची यादी द्यावयाची असते. ती देण्यास आम्ही विसरलो होतो आणि यादी नाही म्हणून प्रोग्रॅमने सगळी पाने एकाच ओसरीवर मांडली. यादी देताच चौसष्टही कामाला लागले आणि आम्ही झोपावयास गेलो.

सकाळी पाहतो तो एकसष्टांचे काम आटोपलेले आणि तिघे अद्याप राबत होते. आम्ही खोऱ्याचे चौसष्ट सारखे तुकडे पाडले होते, नकाशावर सारखे. परंतु घाटमाथ्यावरच्या तीन तुकड्यांत पावसाच्या नोंदी दाट आणि ओढे पुष्कळ, तर पठारावरच्या तुकड्यांत दोन्ही विरळ. आमचे आजोबा घाटावर बसले होते. आम्ही हिशेब थांबविला, खोऱ्याचे पाचशे बारीक तुकडे केले आणि ज्याचा हात मोकळा होईल त्याने पुढचा तुकडा उचलावा अशी तजवीज केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा तुकडा संपला. भाड्याच्या आठ दिवसांतील तीन शिल्लक होते. ते परत घेता येत नाहीत असे कळले, तेव्हा आम्ही शेजारच्या खोऱ्याच्या नोंदीही त्यातच घातल्या. गावांची यादी मृगाच्या आदल्या आठवड्यात दोन्ही खोऱ्यांच्या ग्रामपंचायतींकडे पोचली.